संगत तोडून मुले सुधारत नाहीत : शाळेच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक मंडळाचे सर्व सदस्य आणि मुख्याध्यापक महोदय,

सविनय नमस्कार.

निकालाच्या दिवशी शाळेच्या फलकावर एक सूचना लागली. येत्या जूनपासून नववीप्रमाणेच सातवी आणि आठवीच्या तुकड्याही वार्षिक परीक्षेचे गुण आणि ‘वर्तन नोंदी’ पाहून पाडल्या जातील, असे तीत म्हटले आहे. नववीत हा प्रयोग वर्षभर चालला आणि यशस्वी झाला, म्हणून तो खालच्या वर्गांत नेत आहोत, असे आपण पालकसभेत सांगितले. सभेत बोलायला वेळ मिळाला नाही. लेखी निवेदन दिले, त्यालाही उत्तर आले नाही. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. शाळेचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. मला शाळेची बदनामी करायची नाही. शिवाय हाच निर्णय दुसऱ्या एखाद्या गावातल्या शाळेने घेतला असेल, तर तिथल्या संचालकांनीही हे पत्र आपल्यालाच आले आहे असे समजून वाचावे.

मी याच शाळेत दहावीपर्यंत शिकले. गेली काही वर्षे मी सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींची समुपदेशक म्हणून काम करते. आपल्या तालुक्यातली तेरा ते एकोणीस वयाची मुले माझ्यासमोर येऊन बसतात, हळूहळू बोलू लागतात आणि पहिल्या पाच मिनिटांतच बहुतेकांच्या बोलण्यात एखादा मित्र किंवा मैत्रीण येते. घरात या विषयाशी माझा संबंध आणखी जवळचा आहे. माझा मुलगा गेल्या वर्षी नववी ‘अ’मध्ये होता आणि माझ्या दिरांचा मुलगा नववी ‘ड’मध्ये. दोघे एका घरात वाढले, एकाच ताटात जेवले, आठवीपर्यंत एकाच बाकावर बसले. त्यामुळे आपल्या प्रयोगाची दोन्ही टोके मी एकाच छपराखाली वर्षभर पाहिली. ‘तुमचा मुलगा तर अ मध्ये आहे, तुमची तक्रार कशाबद्दल?’ असे मला एका सदस्यांनी विचारले होते. या पत्रात त्याचेही उत्तर आहे.

पालकसभेत अध्यक्ष महोदय म्हणाले, ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ चांगल्या मुलांना वाईट मुलांचा गुण लागू नये म्हणून दोघांना वेगळे करायचे, हा त्यांचा मुद्दा होता. त्यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. या वयात संगतीइतके बळ दुसऱ्या कशातच नाही. आईबापांच्या शब्दाला वजन असते, शिक्षकांच्याही असते. पण चौदा वर्षांच्या मुलाला आपण कोण आहोत हे ठरवायचे असते तेव्हा तो बरोबरीच्यांच्या डोळ्यांत पाहतो. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचे की पुढे रेटायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. एकटे असताना तेरा ते सोळा वर्षांची मुले मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. मित्र शेजारी उभे राहून पाहू लागले तेव्हा त्याच मुलांनी घेतलेला धोका जवळजवळ दुप्पट झाला. चोविशीच्या पुढच्या माणसांवर मित्रांच्या असण्याचा जवळपास परिणाम झाला नाही. धोका मुलांना कळत नाही असे नाही. मित्र पाहत असले की धोका घेण्यात जे मिळते, ते त्यांना त्या घटकेला धोक्यापेक्षा मोठे वाटते.

म्हणजे संगतीचा जोर आपणही ओळखला आहे आणि मीही. माझा विरोध आहे तो त्या जोराचे आपण काय केले याला. ज्या मुलांना आधीच अभ्यासात अपयश आले, ज्यांच्या नावावर खोड्यांची नोंद आहे, अशी सगळी मुले उचलून आपण एका खोलीत बसवली. आता त्यांना एकमेकांशिवाय दुसरी संगतच उरली नाही. त्यांना कोणाचा गुण लागणार, याचा विचार निर्णय घेताना झाला होता का?

हे पूर्वी झालेले आहे आणि त्याचे काय झाले तेही नोंदलेले आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली एक मोठा उपक्रम सुरू झाला. वाट चुकण्याची भीती असलेल्या मुलांना समुपदेशक, शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरे असे सगळे दिले गेले. हेतू उत्तम होता. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी ती मुले शोधून काढली आणि मदत न मिळालेल्या तशाच मुलांशी त्यांची तुलना केली. मदत मिळालेल्यांची स्थिती अधिक वाईट निघाली. पुढे त्यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा नुकसान मुख्यतः अशा मुलांत दिसले, ज्यांना शिबिरांना पुन्हा पुन्हा पाठवले होते, म्हणजे आपल्यासारख्याच मुलांच्या घोळक्यात अधिक काळ ठेवले होते. १९९९ साली मॅकॉर्ड, टॉमस डिशियन आणि फ्रांस्वा पुलँ यांनी मिळून लिहिलेल्या लेखात हा अनुभव ओरेगनमधल्या अभ्यासांशी जोडला. तिथे अडचणीतल्या मुलांचे गट करून त्यांना चांगले वळण लावायचा प्रयत्न झाला होता. त्या मुलांत तंबाखूचे सेवन आणि शाळेतले गैरवर्तन उलट वाढले. मित्रांच्या गप्पांचे चित्रीकरण तपासल्यावर कारणही दिसले. नियम मोडल्याची गोष्ट कोणी सांगितली की बाकीचे हसत. त्या हसण्याने सांगणाऱ्याला बक्षीस मिळे आणि पुढच्या वेळी तो त्याहून मोठी गोष्ट घेऊन येई.

हे वाचताना मला परके वाटले नाही. नववी ‘ड’ची खोली सायकल स्टँडच्या पलीकडची शेवटची. माझ्या पुतण्याला आठवीत गणितात कमी गुण होते. त्याच्या नावावर वर्तनाची एकच नोंद होती : चेंडू आणायला कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारली. तेवढ्यावर तो त्या खोलीत गेला. जूनमध्ये तो रात्री माझ्या मुलाच्या वहीतून गणिते उतरवून घेत असे. गणपतीपर्यंत ते थांबले, कारण दोघांना वेगळी उदाहरणे शिकवली जात होती. पुढे ‘ड’ला गणिताचे शिक्षक तासिका तत्त्वावरचे आले, तेही बदलत राहिले आणि दुपारचे तास ‘ऑफ’ जाऊ लागले. दिवाळीनंतर हा मुलगा घरी वेगळ्याच गोष्टी सांगू लागला. कोणी सरांना उलट बोलले, कोण तासाला बाहेर उभा राहिला, कोणी फळ्यावर काय लिहिले. त्या वर्गात ज्याला बाहेर काढतात त्याला मान होता. आठवीत पेपर मिळाला की हा मुलगा गुण आईपासून लपवायचा. नववीत तो सगळ्यांदेखत म्हणाला, ‘काकी, आमच्यात सगळ्यांत कमी मलाच.’ पूर्वी लपवताना त्याला लाज वाटत होती, म्हणजे अजून काहीतरी करून दाखवायची इच्छा होती. ती वर्षभरात गेली.

त्याने मावा चघळून पाहिला तोही याच वर्षी. कोणी दिला, असे मी विचारले नाही. माझ्या कामात मी ते नाव कधी विचारत नाही, कारण पहिली पुडी बहुधा शेजारच्या बाकावरूनच येते आणि देणारा मुलगाही तेवढाच लहान असतो. २०१९ सालच्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या तेरा ते पंधरा वर्षांच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी आपण तंबाखू वापरतो असे सांगितले होते. शिक्षणसंस्थेच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्या फाटकातून टपरी दिसते. ‘ड’मधल्या मुलांच्या वर्तन नोंदींत मावा खाल्ल्याची नोंद आहे. टपरीबद्दल शाळेने पोलिसांना किंवा नगरपालिकेला एखादे पत्र लिहिले आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

दुसरी तक्रार ‘अ’ तुकडीची आहे आणि ती माझ्या मुलाच्या वतीने करते आहे. दर शनिवारी चाचणी, सोमवारी क्रमवारी फलकावर, आणि महिन्याच्या शेवटी तळाचे पाच ‘ब’मध्ये, ‘ब’चे वरचे पाच ‘अ’मध्ये. या नियमाने मुले अभ्यासाला लागतील, असा आपला हिशोब होता. लागलीही. पण त्याच नियमाने मित्राला गणित समजावून सांगणे हे स्वतःच्या जागेला धोक्याचे झाले. वर्गात शंका विचारणे बंद झाले, कारण शंका विचारली की आपले कच्चे कुठे आहे ते सगळ्यांना कळते. माझ्या मुलाने आपली वही कोणाला द्यायची नाही असे ठरवले आणि मला ते एखाद्या शहाणपणासारखे सांगितले. सोमवारी सकाळी पोटात दुखते म्हणून माझ्याकडे आणलेल्या मुलांत ‘अ’मधली मुले होती. पोटात काही दोष नव्हता. त्यांच्या आयांना मी समजावले, मुलांशी बोलले, पण दर सोमवारी लागणारी यादी मी थांबवू शकत नाही. ती आपणच थांबवू शकता. वरच्या खोलीत भीती आणि खालच्या खोलीत बेफिकिरी, अशी वाटणी झाली आहे. भीतीने मिळालेल्या गुणांना आपण यश म्हणता. आई म्हणून मला ते मान्य नाही.

तिसरी तक्रार मुलींची आहे. या विषयावर सभेत कोणी एक शब्दही बोलले नाही. ‘अ’ आणि ‘ब’ सकाळी सातला, ‘क’ आणि ‘ड’ दुपारी साडेबाराला. शहरात राहणाऱ्याला हा फक्त वेळापत्रकाचा फरक वाटेल. वाड्यावस्त्यांवरच्या मुली शाळेत येतात त्या दोघी-तिघी मिळून. एसटीचा मोफत पास सरकार देते, पण थांब्यापर्यंतची वाट तिला चालावी लागते आणि ती वाट मैत्रीण बरोबर असली तरच आईबाप चालू देतात. एक ‘अ’मध्ये आणि दुसरी ‘ड’मध्ये गेली की ती जोडी फुटते. हिवाळ्यात दुपारच्या शाळेतून घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. मग आई म्हणते, आठवडाभर राहू दे घरी. आठवड्याचा महिना होतो. नववी ‘ड’मध्ये मुली आधीच बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्यातल्या काहींचे येणे असेच थांबले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के महिलांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे दिसले होते. शाळा सुटलेली पंधरा वर्षांची मुलगी आणि लग्नाची बोलणी यांत आमच्या भागात किती अंतर असते, हे संचालक मंडळातल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको. एका मुलीला शाळेत टिकवणारी गोष्ट कधी कधी एवढीच असते की शेजारच्या घरातली दुसरी मुलगी तिला सकाळी हाक मारते. ती हाक वेळापत्रकाने बंद केली.

चौथी गोष्ट थोडक्यात. नववी ‘ड’च्या काही पालकांना बोलावून, मुलाला नववीतून काढा आणि बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा, असे सुचवण्यात आले. शाळा सुटलेल्यांना दहावीची वाट पुन्हा मोकळी व्हावी म्हणून तो फॉर्म आहे. शाळेत येणाऱ्या मुलाला बाहेर काढून शाळेचा निकाल शंभर टक्के दाखवण्यासाठी तो नाही. गरीब आईबाप मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये ‘नाही’ म्हणू शकत नाहीत.

पाचवी गोष्ट यादीची. मुलांची नावे, गुण आणि वर्तनाचे शेरे सगळ्या गावाला दिसतील असे फलकावर लावले गेले. आता हेच सातवीच्या मुलांचे होणार आहे. ती बारा-तेरा वर्षांची आहेत. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते आणि ही मुले त्या कायद्याच्या वयात बसतात. ‘ड’च्या मुलांनी इन्स्टाग्रामवर ‘डी गँग’ नावाचे पान काढले आहे. एका मोटारसायकलवर तिघे बसून घाटात काढलेले व्हिडिओ त्यावर आहेत. त्यावरून आपण मुलांना रागावलात. पण गँगमध्ये कोण कोण आहे, ही यादी त्यांनी केलेली नव्हती. ती फलकावर आधी लागली.

आता शिक्षकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात कोणाला बीजगणित येते आणि कोणाला अजून भागाकार जमत नाही, अशा वर्गात शिकवणे खरोखर अवघड आहे. मी शिक्षकांना दोष देत नाही. मुलांना त्यांच्या पातळीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो, याचेही पुरावे आहेत. केनियातल्या शंभरहून अधिक प्राथमिक शाळांत एस्थर डुफ्लो, पास्कलीन डुपा आणि मायकेल क्रेमर यांनी केलेल्या अभ्यासात गुणांप्रमाणे वर्ग पाडल्यावर वरच्या आणि खालच्या दोन्ही वर्गांतल्या मुलांची प्रगती झाली. पण ती पहिलीतली मुले होती. त्या वयात वर्गात कोणाला मान मिळतो हा प्रश्न चौदाव्या वर्षासारखा जीवनमरणाचा नसतो. शिवाय तिथे जादा शिक्षक नेमून मोठ्या वर्गाचे दोन भाग केले होते. आपण एकही शिक्षक वाढवला नाही आणि जे अनुभवी होते ते ‘अ’कडे दिले. आपल्याच मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने पातळीप्रमाणे गट करून शिकवण्याची पद्धत देशभर नेली. त्यांचे गट दिवसातल्या ठरावीक वेळापुरते असतात आणि मूल वाचायला लागले की त्याचा गट बदलतो. मुलाचा वर्ग, त्याची मधली सुट्टी, त्याची शाळेत येण्याची वेळ आणि त्याचे मित्र ते काढून घेत नाहीत.

हुशार मुलांना इतरांबरोबर बसवल्याने त्यांचे नुकसान होते, ही पालकांची भीती मी सभेत ऐकली. ती समजण्यासारखी आहे. दिल्लीत २००७ पासून अनेक खासगी शाळांना गरीब घरातल्या मुलांना प्रवेश द्यावा लागला. तिथल्या श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला, हे गौतम राव यांनी तपासले आणि २०१९ साली प्रसिद्ध केले. गणित आणि हिंदीच्या गुणांवर काही फरक पडला नव्हता, इंग्रजीत थोडी घट होती. पण ही मुले अधिक उदार झाली होती, समाजकार्यासाठी अधिक संख्येने पुढे येत होती आणि गरीब मुलांशी भेदभाव कमी करत होती. इंग्रजीतली ती घट मी लपवत नाही. माझ्या मुलाला इंग्रजीत दोन गुण कमी पडले आणि तो वही द्यायला शिकला, तर आई म्हणून मी तो सौदा आनंदाने करीन.

आणि आपण सातारा जिल्ह्यातले लोक आहोत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवतील असे ठरवले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. त्या काळात घरोघरचे वडीलधारे म्हणत असणार की पोर बाटेल, बिघडेल. भाऊरावांनी संगतीवर विश्वास ठेवला. वेगवेगळ्या घरांतली मुले एकत्र राबली, एकत्र शिकली आणि त्यांतून या जिल्ह्यात शिक्षकांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. आपल्या मंडळातल्या काही सदस्यांचे वडील अशाच वसतिगृहांत शिकले आहेत. आपण निर्णय घेताना त्यांची आठवण ठेवावी, एवढे मी हात जोडून सांगते.

संगत वापरायची कशी, हेही आपल्याला नव्याने शोधावे लागणार नाही. केंद्र सरकारने २०१४ च्या जानेवारीत सुरू केलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावागावांतल्या मुलामुलींमधूनच ‘साथिया’ निवडतात. पाळी, व्यसन, राग, मनावरचा ताण यांबद्दल ते आपल्या वयाच्या मुलांशी बोलतात. मी पांढरा कोट घालून जे तासभर सांगते ते मुले विसरतात. तेच एखादा साथिया कट्ट्यावर बसून सांगतो तेव्हा लक्षात राहते. मला सगळ्यांत चांगले साथिया मिळाले ते पहिल्या क्रमांकाच्या मुलांतून नव्हे. ज्याच्याभोवती पोरे जमतात, ज्याचे ऐकतात, तो मुलगा शोधायचा आणि त्याच्यावर काम सोपवायचे. असे तीन-चार मुलगे आपण ‘ड’मध्ये बंद करून ठेवले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मुलांनी मुलांना शिकवण्याचा मार्ग सुचवलेला आहे.

एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. १९५० च्या दशकात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने दाखवले होते की सगळा गट एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागला की डोळ्यांना दिसणारे खरे असूनही अनेक माणसे गटामागे जातात. पण गटात फक्त एक माणूस खरे बोलणारा निघाला, तर असे मागे जाणे सुमारे एक चतुर्थांशावर येते. एकच माणूस पुरतो. माझ्या पुतण्याला आठवीत तो एक होता, त्याच्याच बाकावर. मावा पुढे आला तेव्हा ‘नको रे, चल’ म्हणणारे कोणी शेजारी नव्हते, कारण त्याला आपण सकाळच्या पाळीत पाठवले होते. आणि माझ्या मुलाला, इतके घाबरू नकोस, एक चाचणी आहे, असे सांगणारा त्याचा तो भाऊ दुपारच्या पाळीत होता.

आमच्या मागण्या अशा. हे ‘आमच्या’ मी जबाबदारीने लिहिते. माझ्याबरोबर ‘अ’ ते ‘ड’ चारही तुकड्यांतले पालक आहेत.

सातवी-आठवीच्या तुकड्या गुणांवर पाडण्याचा निर्णय शाळा उघडण्याआधी मागे घ्यावा आणि नववी-दहावीच्या तुकड्या पुन्हा मिश्र कराव्यात. हे शक्य आहे, हा प्रयोग सुरू होईपर्यंत तसेच होते.

एका इयत्तेच्या सगळ्या तुकड्या एकाच पाळीत भरवाव्यात. खोल्या कमी पडत असतील तर इयत्तांप्रमाणे पाळ्या कराव्यात. ज्या मुलींचे येणे थांबले, त्यांच्या घरी शाळेने जूनच्या पहिल्या आठवड्यात जावे. त्या भेटींना मी आणि आमच्यातल्या काही आया बरोबर यायला तयार आहोत.

कच्च्या मुलांसाठी गणित आणि इंग्रजीचा रोज एक तास पातळीप्रमाणे घ्यावा, सगळ्या तुकड्यांतून मुले एकत्र करून. ज्याला जे येत नाही ते येईपर्यंत तो त्या गटात राहील, आले की बाहेर पडेल. हा तास शाळेतल्या अनुभवी शिक्षकांनी घ्यावा.

क्रमवारी, गुण आणि वर्तनाचे शेरे फलकावर लावणे कायमचे बंद करावे. दर महिन्याची वर-खाली बदली बंद करावी. वर्तन नोंद झाली तर ती पालकांना बोलावून सांगावी, आणि त्या नोंदीत मुलाने काय केले याबरोबर शाळेने काय केले तेही लिहावे.

१७ नंबरच्या फॉर्मसाठी कोणत्याही पालकावर दबाव येणार नाही, असे लेखी द्यावे. गेल्या वर्षी ज्यांना तसे सांगितले गेले, त्यांच्या मुलांना परत बोलवावे.

शंभर यार्डांच्या आतल्या टपरीबद्दल शाळेच्या शिक्क्याने तक्रार करावी. पाठपुरावा पालक करतील.

प्रत्येक तुकडीतून मुलांनी स्वतः निवडलेले दोन मुलगे आणि दोन मुली यांना साथियाचे प्रशिक्षण मिळावे. रुग्णालयात किशोरवयीनांसाठी असलेल्या मैत्री क्लिनिकमार्फत ते करून देण्याची तयारी मी दाखवली आहे. शाळेने महिन्यातून दोन तास आणि एक खोली द्यावी.

या मागण्यांतल्या एकीलाही मोठा पैसा लागत नाही. टपरीची तक्रार आणि फलकावरची यादी काढणे ही कामे तर उद्या सकाळी होऊ शकतात. बाकीच्यांवर चर्चा करण्यासाठी शाळा उघडण्यापूर्वी सर्व पालकांची सभा बोलवावी. तीत मुलांचे प्रतिनिधीही बसतील आणि ‘ड’मधल्या मुलांना बोलू दिले जाईल, एवढी खात्री द्यावी. सभा झाली नाही तर आम्ही हे निवेदन माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे सह्यांसह देणार आहोत. सह्या गोळा होत आहेत. माझ्या मुलाने आणि पुतण्याने स्वतःहून विचारले की आम्हीही सही करू का. मी सांगितले की सही पालकांची लागते, पण सभेत तुम्हाला बोलायला मिळावे म्हणून मी मागणी केली आहे. आपण ती मान्य कराल, अशी आशा आहे.

आपली,
एक पालक आणि या शाळेची माजी विद्यार्थिनी